चवदार तळे, बूंटनचा जलाशय आणि मुलांचे रसायनशास्त्र

आपल्या घरांतील मुले हायस्कुलात गेली की रसायनशास्त्राची तक्रार सुरू होते. आपणही लगेच शिकवणी शोधू लागतो. आमच्या मते अडचण मुलांच्या बुद्धीत नाही. त्यांना आधी मोल शिकवला जातो. तो कशाचा आणि कशासाठी मोजावयाचा, हे बहुधा सांगितलेच जात नाही. आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या शाळेत प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंदच असे. पाठांतरावर निभावलेल्या पिढीने मुलांनाही पाठांतरच द्यावे, हे आम्हांस पटत नाही.

पार्सिपनीत राहणाऱ्यांना तर हा विषय घराबाहेर पडताच भेटतो. 287 महामार्गाला लागून जे विस्तीर्ण पाणी दिसते, तो बूंटनचा जलाशय. रॉकअवे नदी अडवून जर्सी सिटीसाठी तो बांधला गेला. पाणी शुद्ध नाही म्हणून शहराने पाणीपुरवठा कंपनीला न्यायालयात खेचले. त्या वादातूनच 26 सप्टेंबर 1908 रोजी डॉ. जॉन लील यांनी येथील पाण्यात ब्लीचिंग पावडरचे द्रावण सोडण्यास आरंभ केला. शहराच्या पिण्याच्या पाण्यात सातत्याने क्लोरीन वापरण्याची अमेरिकेतील सुरुवात ती हीच. (बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात आले, तेव्हा हडसनपलीकडे या प्रयोगाला जेमतेम पाच वर्षे झाली होती.) आणि ही भुकटी आपल्याला परकी नाही. गावाकडे ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत जी ‘टीसीएल पावडर’ टाकतो, ती याच जातीची. आजीला विचारले तर तिचा वास ती अचूक सांगेल.

आता मोलाकडे येऊ. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात क्लोरीनची कमाल मर्यादा लिटरला 4 मिलिग्रॅम आहे. म्हणजे पाव लिटरच्या पेल्यात फार तर 1 मिलिग्रॅम. क्लोरीनचा एक मोल 71 ग्रॅमचा; त्यावरून रेणू मोजावयास मुलांना सांगा. उत्तर सुमारे 8 वर 18 शून्ये इतके येते. क्लोरीन पाण्यात मिसळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते, जंतू मारण्याचे मुख्य काम त्याचे. पीएच वाढला की ते आम्ल कमी होत जाते आणि जंतुनाशकता मंदावते. पाठ्यपुस्तकातील रासायनिक समतोल तो हाच.

येथून महाडला जावयाचे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी दूध, दही, शेण व गोमूत्र भरलेली मडकी तळ्यात बुडवून, मंत्र म्हणून, तळ्याची ‘शुद्धी’ केली. ही कथा आपली मुले दरवर्षी ऐकतात, पण ऐकतात ती केवळ हक्काची कथा म्हणून. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिला एक प्रश्न विचारावा: त्या मडक्यांनी पाण्यात नेमके काय वाढवले?

उत्तर स्वयंपाकघरात मिळते. एक लिटर पाण्यात साध्या ब्लीचचा एक थेंब टाकून ते दोन पेल्यांत घ्यावे. एका पेल्यात चमचाभर दूध घालावे. दहा मिनिटांनी दोन्हींत मुक्त क्लोरीन तपासण्याची पट्टी बुडवावी. साध्या पाण्यात पट्टीला रंग चढेल. दुधाच्या पाण्यात तो फिका पडेल किंवा उमटणारच नाही. दुधातील प्रथिनांनी क्लोरीन खर्च करून टाकलेला असतो. जे ‘शुद्ध’ करणारे म्हणून मिरवले गेले, ते जंतुनाशकालाच निकामी करते, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. अशा मुलाला ऑक्सिडीकरण घोकावे लागणार नाही, आणि ‘शुद्ध’ हा शब्द तो पुढे कोणाच्याही तोंडून तपासल्याशिवाय घेणार नाही. आमचा खरा लोभ या दुसऱ्या लाभाचा आहे. एपीच्या गुणांचे नंतर पाहू.

म्हणून आमची सूचना अशी की, येत्या 20 मार्चला भाषणांच्या जोडीला हा प्रयोग दहावी-अकरावीच्या मुलामुलींनीच करून दाखवावा, आणि तोही मराठीत, म्हणजे आजी-आजोबांनाही प्रश्न विचारता येतील. पट्ट्या पोहण्याच्या तलावाचे साहित्य विकणाऱ्या दुकानात स्वस्तात मिळतात. पेल्यांतील पाणी कोणी पिऊ नये. ब्लीच मोठ्यांनी हाताळावे व ते व्हिनेगर किंवा अमोनियाजवळ मुळीच नेऊ नये, कारण त्यातून विषारी वायू निघतात. ते का निघतात, हे मात्र मुलांनाच सांगू द्यावे.