दूध-भाकरी की पाकिटातलं खाद्य? मांजराचं जेवण ठरवताना डॉक्टरांचं किती ऐकायचं?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आणि दुधाचं आगार. संगमनेर, राहाता, राहुरी, कोपरगाव या पट्ट्यात दारात गाय आणि घरात मांजर हे नेहमीचं चित्र. वाटीत दूध, त्यात कुस्करलेली भाकरी, हा मांजराचा ठरलेला खुराक. आता दुकानांत मांजरांच्या खाद्याची पाकिटंही मिळतात. मग प्रश्न पडतो, ऐकायचं कुणाचं? आजीचं, दुकानदाराचं की डॉक्टरांचं?

डॉक्टर आहेत, पण गाई-म्हशींसाठी

ग्रामीण भागात पशुवैद्यकीय दवाखाना म्हणजे मुख्यतः कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकूतची लस, जनावरांचे आजार. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा ही यंत्रणा गोवंशाच्या लसीकरणात गुंतली होती. मांजराची सरकारी दप्तरी नोंदही नाही. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत कुत्रे मोजले गेले, मांजरं नाहीत.

त्यामुळे मांजर डॉक्टरांकडे जातं ते आजारी पडल्यावरच. खाण्याचा सल्ला तेव्हा मिळतो, म्हणजे बऱ्याचदा उशिरा.

दूध-भाकरीत कमी काय?

गाय आणि मांजर ही आहाराच्या बाबतीत दोन टोकं आहेत. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव चाऱ्यापासून तिला हवी ती पोषकद्रव्यं तयार करून देतात. मांजराला अनेक घटक मांस-माशांतून तयारच मिळावे लागतात.

त्यातला महत्त्वाचा घटक म्हणजे टॉरिन. तो कमी पडला तर मांजराच्या डोळ्याचा पडदा खराब होतो, हे 1975 मध्ये समोर आलं. 1987 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की टॉरिनच्या कमतरतेने मांजराचं हृदय कमकुवत होऊन फुगतं. विशेष म्हणजे, ती मांजरं कंपन्यांचं तयार खाद्य खात होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. म्हणजे ‘पाकीट आहे म्हणून चांगलंच’ हेही खरं नाही.

भाकरीत टॉरिन नसतं, दुधात फारच थोडं असतं. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. उरलेला रस्सा-भात घालणं तर धोक्याचं, कारण कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

शाकाहारी घरांचा पेच

जिल्ह्यात माळकरी आणि जैन कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. ‘मासे उकडून घाला’ हा सल्ला त्यांच्या स्वयंपाकघरात चालत नाही. तिथे कोरडं खाद्य ही सोयीची तडजोड ठरते: मांस असतं, पण घरात शिजवावं लागत नाही. ‘दूध-भाकरी बंद करा’ एवढंच सांगून डॉक्टर थांबले, तर अशा घरात काहीच बदलत नाही. घराला जमेल असा पर्याय दिला, तरच सल्ला पाळला जातो.

डॉक्टरच खाद्य सुचवत असतील तर?

डॉक्टर आणि खाद्यकंपन्यांचं नातं जुनं आहे. अमेरिकेतले पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी मूत्रपिंडाच्या आजाराने ग्रस्त असलेल्या एका मार्गदर्शक कुत्र्यासाठी खास आहार बनवला. त्यातूनच पुढे हिल्सचं उपचारात्मक खाद्य आलं. रॉयल कॅनिन 1968 मध्ये फ्रान्समधले पशुवैद्य जाँ कातारी यांनी सुरू केली. आज ती मार्स कंपनीकडे आहे. याच मार्सने 2017 मध्ये व्हीसीए ही अमेरिकेतली पशुरुग्णालयांची मोठी साखळी विकत घेतली.

म्हणून प्रत्येक सल्ल्यामागे विक्री असते, असं नाही. लघवीत खडे झालेल्या किंवा मूत्रपिंड बिघडलेल्या मांजराला विशेष आहाराचा खरोखर उपयोग होतो. पण सल्ला देणारा आणि विकणारा एकच असेल, तर पुढचे प्रश्न विचारण्यात गैर काही नाही:

• हेच खाद्य का? याहून स्वस्त पर्याय चालेल का?
• पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ लिहिलंय की ‘पूरक’? पूरक खाद्यावर मांजर जगवता येत नाही.
• पिल्लाचं, मोठ्याचं की म्हाताऱ्या मांजराचं?
• रोज किती ग्रॅम? पाणी पुरेसं जाण्यासाठी काय करायचं?
• घरीच शिजवायचं असेल तर टॉरिन आणि कॅल्शियम कुठून मिळेल?

हे लक्षात ठेवा

खाणं एकदम बदलू नये. सात ते दहा दिवसांत जुनं कमी, नवं जास्त असं करावं. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. बोका लघवीसाठी जोर करतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आहाराबद्दल विचारायची योग्य वेळ मात्र आजारपणाची नाही. पिल्लाला रेबीजची लस द्यायला नेलं, की तिथेच विचारून घ्यावं. एकदा चव आणि सवय पक्की झाली, की मांजर डॉक्टरांचंही ऐकत नाही.