चकोल्यांची रोमन बहीण

परदेशी पदार्थाचें नांव निघालें कीं, घरांतील वडील मंडळी नाक मुरडतात आणि तरुण मंडळी तो उपाहारगृहांत जाऊन खातात. त्यांतील कांहीं पदार्थ आपल्याच स्वयंपाकघराचे नातलग आहेत, हें दोघांच्याही ध्यानांत येत नाहीं. इटलींतील 'पास्ता ए चेची', म्हणजे कणकेचे तुकडे व हरभरे, हा त्यांपैकींच एक. सातारा-सांगलीकडे आमटींत लाटलेल्या कणकेचे तुकडे सोडून चकोल्या करितात; तेथें डाळीच्या जागीं अख्खे हरभरे, एवढाच मुख्य भेद.

हें अन्न मुळांत साध्या घरचें. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील लॅटिन कवि होरेस सांगतो कीं, सायंकाळीं बाजारांत भाजीपाल्याचे भाव विचारीत फिरावें आणि घरीं येऊन हरभरे, कांद्याच्या जातीची एक भाजी व 'लागानुम्' नांवाचा पिठाचा पदार्थ जेवावा, असा आपला क्रम आहे. सिसेरो या प्रख्यात वक्त्याच्या कुळाचें नांवही हरभऱ्याच्या लॅटिन शब्दावरून आलें. आपल्याकडे चणकाचा पुत्र तो चाणक्य, अशी व्युत्पत्ति परंपरेनें सांगतात. दोन राजनीतिज्ञ, आणि दोघांच्याही नांवांत चणा! प्राचीन रोमचा 'फार' नांवाचा गहूं म्हणजे तर आपला खपलीच, जो कृष्णाकांठीं आजही पिकतो.

आतां कृति. सहा माणसांस 300 ग्रॅम काबुली हरभरे रात्रीं भिजत घालावे. सकाळीं नव्या पाण्यांत मऊ शिजवावे. पाणी टाकूं नये. निम्मे हरभरे पळीनें चेचावे, म्हणजे रस्सा दाट होतो. पातेल्यांत तीन-चार चमचे तेल तापवून लसणाच्या दोन पाकळ्या व दोन चिरलेले टोमॅटो परतावे. इटलींत जैतुनाचें तेल व रोझमेरीचा पाला घालतात. आपल्या शेंगदाण्याच्या तेलानें व कढीलिंबाच्या काडीनें कांहीं अडत नाहीं. ज्या घरीं लसूण वर्ज्य, तेथें हिंग घालावा. मग हरभरे पाण्यासह ओतून, एकूण दीड-दोन लिटर होईल इतकें पाणी व मीठ घालून उकळी आणावी. त्यांत 200 ग्रॅम बारीक पास्ता सोडावा. अथवा घट्ट भिजविलेली कणिक पोळीहून जाड लाटून तिचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे सोडावे. तुकडा मोडून पाहावा. आंत कच्चें पीठ दिसेनासें झालें कीं उतरावें.

येथवर सर्व सोपें आहे. खरी परीक्षा पुढें आहे. चकोल्या काय किंवा हा पास्ता काय, चुलीवरून उतरल्यावरही तुकडे रस्सा पीतच राहतात. पहिल्या पंक्तीस जें सरसरीत व वाफाळलेलें मिळतें, त्याचाच अर्ध्या-पाऊण तासानें गोळा होतो. आणि मोठ्या कुटुंबांत तो गोळा कोणाच्या पानांत पडतो, हें आम्हीं वाचकांस सांगावयास नको. ज्या सुनेनें कणिक लाटली, तीच सर्वांस वाढून शेवटीं बसते. ऊन पाणी घालून तो गोळा सैल होतो खरा, पण ती चव परत येत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें पाककृतीपुरतें नाहीं. कढ आल्यावर तुकडे सोडण्यापूर्वीं घरांतील पुरुषांनीं उठून पानें घ्यावीं, पाणी ठेवावें आणि जितकीं माणसें तितकीं पानें मांडलीं आहेत कीं नाहींत, हें मोजावें. हा एकाच भांड्यांतील पदार्थ आहे. तो एकदां वाढला कीं मागाहून वाढावयाचें फारसें उरत नाहीं. पातेलें मध्यें ठेवावें, ज्याला हवें त्यानें हातानें घ्यावें. सासू-सुना सर्वांबरोबर बसल्यानें कांहीं बिघडत नाहीं; मोडते ती केवळ संवय. येत्या रविवारीं हा बेत करून पाहावा, आणि करणारीच्या पानांतही तो ऊन आहे ना, हें आधीं विचारावें.