पंधरा मिनिटांचे उत्तर

'काळ, काम, वेग' या प्रकरणातले एक उदाहरण घेऊ. चिलीतील सांतियागो आणि अर्जेंटिनातील मेंडोझा या शहरांच्या विमानतळांमधले सरळ रेषेतील अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर किती वेळ लागेल? १५ मिनिटे लिहिले की पैकीच्या पैकी गुण!

प्रत्यक्ष वेळापत्रकात मात्र हा प्रवास सुमारे तासाभराचा असतो, कारण मध्ये अँडीज पर्वत उभा आहे. त्यातील आकोंकाग्वा हे ६,९६१ मीटर उंचीचे शिखर या वाटेपासून फार दूर नाही. विमानाला आधी उंची गाठावी लागते आणि ती गाठते न गाठते तोच उतरायची तयारी. रस्त्याने गेल्यास साडेतीनशेहून अधिक किलोमीटर, सहा-सात तास, आणि हिवाळ्यात बर्फ पडले की घाट बंद.

आमचे म्हणणे असे की, हा फरक वर्गात शिकवला गेलाच पाहिजे. तो केवळ गुणांचा प्रश्न नाही. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या हवाई दलाचे एक विमान ४५ जणांना घेऊन मेंडोझाहून सांतियागोला निघाले. प्रवाशांत रग्बीचा एक संघ, त्यांचे आप्त आणि मित्र होते. सरळ वाटेवरची शिखरे टाळण्यासाठी वैमानिक दक्षिणेला वळसा घालून, प्लांचोन खिंडीवरून जात होते. खिंडीपासून चिलीतील कुरिको गावापर्यंत ११ मिनिटे लागणार होती. खाली ढग, समोरून वारा. तरीही तीनच मिनिटांनी 'कुरिको आले' असे कळवून विमान उत्तरेकडे वळले आणि ढगांतून खाली येताना डोंगरावर आदळले.

पुढचे अधिक विचार करण्यासारखे आहे. कुरिको मागे पडले, या वैमानिकाच्या शब्दांवर वाचलेल्यांनीही भरवसा ठेवला. आपण चिलीतच आहोत, पश्चिमेला गेले की खोरे लागेल, असे ते समजत होते. प्रत्यक्षात ते अजून अर्जेंटिनात होते. अखेर नांदो पार्रादो आणि रोबेर्तो कानेसा हे दोन तरुण सुमारे दहा दिवस बर्फ तुडवत पश्चिमेला गेले आणि त्यांना सेर्हियो कातालान नावाचा गुराखी भेटला. ७२ दिवसांनी १६ जण जिवंत परतले.

म्हणून गणिताच्या शिक्षकांना आमची विनंती आहे, की उत्तर आल्यावर 'वाट कुठून जाते?' हा दुसरा प्रश्न जरूर विचारावा. पालकांनी 'पुस्तकातले उत्तर जुळले ना?' एवढ्यावर थांबू नये. आणि विश्वस्त मंडळींनी वर्गासाठी उठावाचा एक नकाशा घेऊन द्यावा. सपाट नकाशावर अँडीज म्हणजे नुसता तपकिरी पट्टा दिसतो.

विद्यार्थी मित्रांनो, एक उदाहरण तुमच्यासाठी. हिवाळ्यात चिलीचे घड्याळ अर्जेंटिनाच्या एक तास मागे असते. मेंडोझाहून सकाळी १० वाजता सुटलेले विमान तासाभराने सांतियागोला पोहोचते, तेव्हा तिथे १०च वाजलेले असतात. तेच विमान सांतियागोहून ११ वाजता परत निघाले, तर मेंडोझाला किती वाजता उतरेल? कारणासह लिहा.