होतकरूंची क्रमवारी

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण आपण बहुधा मागाहून वापरतो. मूल मोठे होते, नाव काढते, आणि मग आपल्याला पाळणा आठवतो. पाळण्यापाशी उभे राहून, मूल अजून रांगतही नसताना, तारीखवार लेखी भाकीत करण्याची जोखीम म्हण वापरणारा कधी घेत नाही. ही जोखीम नेमाने घेणारी एक जमात मात्र आहे. उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीचे काल्पनिक संघ चालवणारे लोक दरवर्षी आपापल्या संघातील होतकरू खेळाडूंची क्रमवारी लावतात. साहित्याच्या विद्यार्थ्याने व अध्यापकाने या उद्योगाकडे गंभीरपणे पाहावे असे आम्हांस वाटते, कारण आपणही हाच उद्योग करतो आणि पुष्कळदा त्यांच्याहून वाईट करतो.

आधी खेळाविषयी थोडे. फॅण्टसी क्रीडेचे आजचे रूप १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट व त्याच्या मित्रांनी बेसबॉलसाठी सिद्ध केले. ज्या फ्रेंच उपाहारगृहात ही मंडळी जमत, त्याच्या नावावरून त्या प्रकारास ‘रोटिसरी’ म्हणू लागले. पुढे ते लोण हॉकीत आले. नॅशनल हॉकी लीगमधील खऱ्या खेळाडूंची वाटणी मित्रमंडळी आपसांत करते. खेळाडूने खऱ्या सामन्यात केलेले गोल आणि असिस्ट (म्हणजे गोलास कारणीभूत झालेले पास) ज्याच्या त्याच्या काल्पनिक संघाच्या खात्यावर जमा होतात. आपल्याकडे फॅण्टसी म्हटले की एका सामन्यापुरता जुळवलेला क्रिकेटचा संघ डोळ्यांपुढे येतो. हॉकीतील ‘डायनॅस्टी’ प्रकार याहून निराळा आहे. तेथे घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याजवळ राहतो. म्हणून संघचालक लीगमध्ये अद्याप एकही सामना न खेळलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुले राखून ठेवतो. ही त्याची रोपवाटिका. तिची क्रमवारी लावणे म्हणजे कोणते रोप झाड होईल, केव्हा होईल व त्याला किती फळे धरतील, हे आज सांगणे.

उदाहरणादाखल एक रोपवाटिका घेऊ. जुलै २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे झालेल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिली पाच नावे अशी होती: युराय स्लाफकोव्स्की, शिमोन नेमेत्स, लोगन कूली, शेन राइट, कटर गोटिए. याच निवडीत ६२ व्या क्रमांकावर लेन हट्सन नावाचा बचावपटू घेतला गेला. ही सहा मुले आमच्या काल्पनिक संघात आहेत असे धरू. क्रम कसा लावायचा?

पुरावा पाहावा तर तो अपुरा आणि परस्परविरोधी. राइट हा कित्येक महिने पहिला जाईल असे मानले जात होते. ओंटारियोच्या कुमार लीगने २०१९ साली त्याला अपवाद म्हणून वयाच्या पंधराव्या वर्षी प्रवेश दिला आणि त्याने पहिल्याच हंगामात ५८ सामन्यांत ६६ गुण केले. पुढचा २०२०-२१ चा हंगाम महामारीमुळे झालाच नाही. ज्या वयात मुलाचा खेळ महिन्यागणिक बदलतो, त्या वयातले एक पूर्ण वर्ष त्याच्या नोंदवहीत कोरे राहिले. स्लाफकोव्स्कीचे उलट. फिनलंडच्या मुख्य लीगमध्ये प्रौढांबरोबर खेळताना त्याच्या नावावर ३१ सामन्यांत अवघे १० गुण. पण २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये या सतरा वर्षांच्या मुलाने स्लोवाकियासाठी सात सामन्यांत सात गोल केले, संघाला कांस्यपदक मिळाले आणि तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याची बहुतेक कीर्ती दोन आठवड्यांच्या कामगिरीवर उभी होती. हट्सनचे पास देण्याचे कसब कोणी नाकारीत नव्हते. पण बचावपटूच्या मानाने तो फार बुटका व अंगाने किरकोळ. म्हणून तो दुसऱ्या फेरीच्या शेवटास गेला.

आता २०२५ च्या वसंतात येऊ. हट्सनने आपल्या पहिल्या पूर्ण हंगामात ६६ गुण केले. त्यांतील ६० असिस्ट होते. पदार्पण करणाऱ्या बचावपटूचा लॅरी मर्फीने १९८०-८१ मध्ये केलेला विक्रम त्याने गाठला आणि नवोदितांचे कॅल्डर पारितोषिक मिळवले. कूलीचे ६५ गुण झाले, स्लाफकोव्स्कीचे ५१. राइट व गोटिए पन्नाशीच्या आत राहिले. नेमेत्स बराच काळ दुय्यम लीगमध्ये होता. तेव्हा केवळ गोल व असिस्ट मोजणाऱ्या काल्पनिक लीगसाठी, २०२४-२५ च्या हंगामाअखेर, आमचा क्रम असा: हट्सन, कूली, स्लाफकोव्स्की, गोटिए, राइट, नेमेत्स. पण याच लीगने प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या धडकाही मोजायचे ठरवले, तर धिप्पाड स्लाफकोव्स्की वर सरकतो आणि हट्सन खाली येतो. मुले तीच आहेत, खेळही तोच आहे. मोजणीचा नियम तेवढा बदलला.

हा या उद्योगाने शिकवलेला पहिला धडा आहे. क्रमवारी खेळाडूविषयी जितके सांगते, तितकेच ती मोजणीच्या नियमांविषयी सांगते. काल्पनिक संघाचा चालक हे कधी विसरत नाही. क्रम सांगण्यापूर्वी तो विचारतो, ‘तुमच्या लीगमध्ये काय काय मोजतात?’ स्वतःच्या गोलासमोर शांतपणे उभा राहून प्रतिस्पर्ध्याची चाल मोडणारा बचावपटू खऱ्या संघाला अमोल असतो, काल्पनिक संघाला जवळजवळ निरुपयोगी. आणि हे तो उघडपणे मान्य करतो. वाङ्मयीन क्रमवारीत हा प्रश्न कोणी विचारीत नाही. ‘आजच्या पिढीतील महत्त्वाचे पाच कवी’ असे विधान चर्चासत्रात होते, तेव्हा प्रयोगशीलता मोजली, सामाजिक आशय मोजला, भाषेची घडण मोजली की नियतकालिकांतील वावर मोजला, हे गुलदस्त्यातच राहते. नियम झाकून ठेवला की क्रम निसर्गसिद्ध वाटू लागतो.

दुसरा धडा तारखांचा. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी तो २०१५ च्या निवडीस मुकला आणि एक वर्ष अधिक खेळून, अधिक पिकून, २०१६ मध्ये पहिला निवडला गेला. त्याआधीच्या पायरीवर वयोगटाची रेषा १ जानेवारीची. कॅनडाच्या कुमार हॉकीत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर अधिक असतात, हे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्नस्ली व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. नऊ वर्षांच्या वयात दहा महिन्यांचा फरक म्हणजे उंची आणि ताकद यांचा फरक. प्रशिक्षकाला तो प्रतिभेचा फरक वाटतो. मग चांगला संघ, अधिक सराव आणि चांगले प्रशिक्षण त्याच मुलाला मिळते, आणि शेवटी तो खरोखरच सरस होतो. निवड आधी झाली, गुणवत्ता मागाहून आली. तरी निवडणारे मात्र ‘पाहा, आम्ही म्हणत होतो’ असेच म्हणतात.

साहित्यातही अशा रेषा आहेत. ‘ग्रँटा’ या इंग्रजी नियतकालिकाने १९८३ पासून दर दहा वर्षांनी तरुण ब्रिटिश कादंबरीकारांची यादी काढली. वयाची अट चाळिशीच्या आतली. साहित्य अकादेमीच्या २०११ मध्ये सुरू झालेल्या युवा पुरस्काराची मर्यादा ३५ वर्षांची. यादी नेहमी चुकते असे नाही. १९८३ च्या यादीत काझुओ इशिगुरो होते, त्या वेळी त्यांची एकच कादंबरी प्रसिद्ध झाली होती. २०१७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण पेनेलपी फिट्झजेराल्ड यांची पहिली कादंबरी १९७७ साली, वयाच्या साठीत आली आणि १९७९ मध्ये त्यांना बुकर मिळाले. आणि आपल्या बहिणाबाई? त्या शेतात व घरात ओव्या रचीत राहिल्या. पुस्तक निघाले १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर. कोणत्याही वयोगटाच्या, कोणत्याही होतकरूंच्या यादीत त्या बसल्या नसत्या. हॉकीत याला जोड सापडते ती मार्टिन सेंट लुईची. उंची कमी म्हणून त्याला कोणत्याच फेरीत कोणी निवडले नाही. २००४ मध्ये तो लीगमधील सर्वाधिक गुणांचा मानकरी व सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो मॉन्ट्रियलचा प्रशिक्षक झाला, आणि बुटक्या हट्सनचा तो पहिला पूर्ण हंगाम त्याच्याच हाताखाली गेला. यादीबाहेरच्या माणसाला यादीबाहेरचे गुण ओळखता येतात, असा सिद्धान्त आम्ही यावरून काढीत नाही. पण योगायोग बोलका आहे.

आतापर्यंत आम्ही या मंडळींची बाजू घेतली. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून मुळीच शिकू नये, ती म्हणजे त्यांची भाषा. खेळाडूला ‘सीलिंग’ असते व ‘फ्लोअर’ असतो, जणू मुलगा म्हणजे भाड्याची खोली. दुर्लक्षित राहून चमकणारा तो ‘स्लीपर’, अपेक्षाभंग करणारा तो ‘बस्ट’. १९९३ च्या निवडीत ओटावाने पहिला घेतलेला अलेक्झांडर डेग हे ‘बस्ट’चे ठरीव उदाहरण. हा खेळाडू ६१६ सामने खेळला, त्याने ३२७ गुण केले. जगातील अत्यंत कठीण लीगमध्ये इतके खेळायला मिळावे म्हणून हजारो मुले जन्मभर धडपडतात. त्याच वर्षी ४० व्या क्रमांकावर निवडला जाऊन त्याने हेच केले असते, तर त्यास यशस्वी म्हटले असते. त्याच्या कारकिर्दीला अपयश ठरवले ते तिच्या आरंभी कोणी तरी लिहिलेल्या एका आकड्याने.

येथे खरा प्रश्न आहे, आणि तो आपल्या घरातलाही आहे. पहिल्या संग्रहानंतर कवीला ‘युगप्रवर्तक’ म्हणून मोकळे व्हायचे, आणि पुढचे तीन प्रामाणिक, चांगले संग्रह ‘अपेक्षा पूर्ण न करणारे’ म्हणून बाजूस सारायचे, ही आपली जुनी रीत. कर्ज समीक्षकाने काढायचे आणि फेडायचे कवीने. हॉकीतील भाकीत निदान पडताळले जाते. गुण दर रात्री मोजले जातात, आणि क्रमवारी लावणाऱ्याला वर्षाअखेर आपली जुनी यादी लोकांसमोर काढून कोठे चुकले ते सांगावे लागते. आपल्याकडे जुनी प्रस्तावना कोण काढतो? समीक्षकाची शिफारस विस्मृतीत जाते, तिचे ओझे मात्र लेखकाच्या खांद्यावर राहते.

यावर कोणी म्हणेल, साहित्यात क्रम लावूच नये. म्हणणे उदात्त आहे, पण ते खरे नाही. अभ्यासक्रमात एक कवी लागतो आणि दुसरा लागत नाही, निवडक कवितांच्या पुस्तकात एकास आठ पाने मिळतात व दुसऱ्यास दोन, संशोधनासाठी एक विषय मान्य होतो आणि दुसरा होत नाही. या सगळ्या क्रमवाऱ्याच आहेत, फक्त आकडे न घातलेल्या. आकडा नसल्याने त्या अधिक सभ्य होत नाहीत, फक्त त्यांना जाब विचारणे अवघड होते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. क्रम लावणाऱ्याने काय मोजले ते आधी सांगावे. आपले मत कोणत्या तारखेचे आहे ते लिहावे, कारण विशीतल्या माणसाविषयीचे मत नाशिवंत असते. आणि पाच-दहा वर्षांनी आपली यादी आपणच पुन्हा उघडावी, चुकीची जबाबदारी आपल्याकडे घ्यावी, लेखकाच्या माथी मारू नये. साहित्य शिकवणाऱ्यांना हे सहज करता येण्याजोगे आहे: वर्गात एखाद्या जुन्या नियतकालिकाचा नवोदित विशेषांक काढावा, त्यातील नावे विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत आणि त्यांनाच शोधू द्यावे की कोण लिहीत राहिले, कोण थांबले व का. थांबलेल्यांची कारणे सर्वांत उद्बोधक असतील, असा आमचा अंदाज आहे.

‘होतकरू’ हा आपला शब्द फार चांगला आहे. त्यात घडत असलेल्या माणसाची दखल आहे, पण किती घडेल याचा आकडा नाही, छतही नाही आणि जमीनही नाही. क्रमवारी लावावी, ती लावताना हा शब्द तेवढा हातचा सोडू नये.