नहरीचा अभ्यास कोणत्या रकान्यात?

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या एखाद्या तरुणास, ज्या शहरात आपण शिकलो त्या शहराला मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी भूमिगत नहरींनी पाणी कसे पुरविले, हे मुळातून शोधावेसे वाटले, तर ती जिज्ञासा कोणत्याही विद्यापीठाने कौतुकाने जवळ करावी अशीच आहे. उत्तरेकडील डोंगरांतला झिरपा भुयारी वाटेने खाली आणून तो शहरातल्या हौदांपर्यंत पोहोचविणारी ही रचना समजून घ्यावयाची, तर जलशास्त्राचे गणित हवे, बेसाल्टाच्या भेगांतून पाणी कसे वाहते याचे भूशास्त्रीय ज्ञान हवे, आणि पाण्यावर हक्क कोणाचा, डागडुजीचा खर्च कोणाच्या माथी, हे शोधण्यासाठी फारसी व मोडी कागदपत्रे वाचणारी दृष्टीही हवी.

आता हाच तरुण अधिछात्रवृत्तीचा अर्ज भरावयास बसतो, आणि पहिल्याच पानावर ‘विषय’ या एका अरुंद रकान्यापाशी त्याची लेखणी अडते. स्थापत्य लिहावे, तर मोडीचे काय म्हणून विचारणार; इतिहास लिहावा, तर त्या विषयाची पदवी कोठे आहे म्हणून अर्ज बाजूला पडणार. नेट असो वा गेट, पात्रता विषयवारच मोजली जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 याने चार विद्याशाखांत ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ ही एक शाखा निर्माण केली खरी. पण शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, शारीरिक शिक्षण यांसारखे आपापल्या परीने स्वतंत्र विषय तीत एकत्र नांदतात, आणि दोन शास्त्रांच्या सीमेवर उभ्या असलेल्या प्रश्नाला तेथेही हक्काचे घर मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत अन्य विभागातील किंवा अन्य विद्यापीठातील सहमार्गदर्शक नेमण्याची तरतूद आहे. म्हणजे कायदा आड येत नाही; आड येते ती दप्तराची जुनी सवय, आणि मुलाखतीस बहुधा एकाच विषयाचे तज्ज्ञ बसविण्याची रीत.

ज्यांचे नाव आपल्या विद्यापीठाने धारण केले आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन या बाबतीत डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. परंतु इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचेही वर्ग त्यांनी केले, आणि मे 1916 मध्ये भारतातील जातिसंस्थेवरचा आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे येथे काय काम, असे त्यांना कोणी विचारले असते, तर आपण किती दरिद्री राहिलो असतो! पुढे 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनमधले संशोधन अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले, आणि तेथील डी. एस्सी. पदरात पडावयास 1923 उजाडले.

मुदत आणि रक्कम हा म्हणूनच गौण तपशील नव्हे. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये व वरिष्ठ 42,000 रुपये झाली, ही समाधानाची गोष्ट. परंतु मंजूर झालेला पैसा महिनोन्‌महिने हाती पडत नसेल, तर ज्याच्या घरचा वर्षाचा हिशेब कापसाच्या भावावर अवलंबून आहे तो विद्यार्थी खोलीचे भाडे द्यावयास शिकवण्या धरतो आणि ज्या वेळेत दप्तरखान्यात बसावयाचे ती वेळ तेथे खर्ची पडते. अधिछात्रवृत्ती देणाऱ्या ‘बार्टी’ या संस्थेच्या संशोधकांना तिच्यासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले, याचे शल्य मला आजही बोचते. कारण संशोधनास लागणारी मनाची स्वस्थता धरणे धरून मिळत नसते.

विद्यापीठाने आणि बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांनी पुढील जाहिरातीपूर्वी एवढी तजवीज अवश्य करावी: अर्जात मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विषयाचाही रकाना असावा, मुलाखतीस दोन्ही विषयांचे जाणकार बसावेत, सहमार्गदर्शकाचे संमतिपत्र अर्जासोबतच घ्यावे, आणि निवड झालेल्यास नोंदणीच्या तारखेपासून दरमहा ठरल्या दिवशी रक्कम मिळावी. नहरीचा बराच भाग आज ढासळला आहे. तिचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास आणखी एक वर्ष रकान्यापाशी थांबविणे आपल्याला परवडणारे नाही.