हॉलमधला गोल्फ

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधल्या चिखलोलीत धरण आहे, शेजारी कारखाने आहेत, पण गोल्फचे मैदान नाही. तरी तिथल्याच एका घरातून या महिन्याचा प्रश्न आला आहे. धाकटा मुलगा कारखान्यात शिफ्ट ड्युटी करतो. मोबाइलवर गोल्फ पाहून त्याला नाद लागला. सुट्टीच्या दिवशी हॉलमध्ये काठी फिरवतो, आणि आता हप्त्यांवर पूर्ण सेट घ्यायचा म्हणतो. अब्बा म्हणतात, हा श्रीमंतांचा खेळ, आपल्याला काय करायचाय? अम्मीला काळजी छताच्या पंख्याची.

आधी अब्बांशी बोलतो. मैदाने श्रीमंतांची आहेत हे खरे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासूनचा, त्याचे सभासदत्व आपल्या आवाक्यातले नाही. पण त्याच क्लबात कॅडी म्हणून लोकांच्या बॅगा वाहणाऱ्या पोरांनी बांधकामाच्या लोखंडी सळ्या वाकवून क्लब बनवले आणि शेजारच्या वस्तीच्या गल्ल्यांत प्लास्टिकच्या चेंडूने खेळ सुरू केला. अनिल बजरंग माने हे त्यांच्यातूनच पुढे येऊन व्यावसायिक गोल्फपटू झाले. दिल्लीचे अलीशेर हेही कॅडीच. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक ठरले आणि 1993 साली त्यांनी ती पुन्हा जिंकली. ढाक्याच्या कुर्मीटोला क्लबात कॅडी असलेल्या सिद्दीकुर रहमान यांनी 2013 साली हीच स्पर्धा दिल्लीत येऊन जिंकली. तेव्हा अब्बा, मुलगा परक्या अंगणात शिरलाय असे मानू नका.

आता मुलाशी. बेटा, सेट घेऊ नकोस. नियमाने खेळाडूला जास्तीत जास्त 14 क्लब बाळगता येतात, पण शिकणाऱ्याला एक पुरतो : सात नंबरचा आयर्न, आणि तोही जुना चालेल. शौकासाठी व्याजाचे हप्ते गळ्यात घालून घ्यायचे, याला आमची संमती नाही. पगार बरा असला तरी नाही. आणि खरे सांगायचे तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे शिकायचे आहे त्याला महागडा क्लब लागतच नाही.

ते म्हणजे पकड. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर, उजवा खाली. क्लब तळव्यात दाबून धरायचा नाही, बोटांच्या मुळांशी आडवा ठेवायचा. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांमधल्या खाचेवर बसते. मग दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये जी रेघ पडते ती उजव्या खांद्याकडे बोट दाखवते का, हे आरशात पाहावे. पकड सैल हवी, चिमणीचे पिल्लू हातात धरावे इतपत. नवशिक्या घट्ट आवळतो, मनगटे लाकडी होतात आणि सगळा जोर खांद्यात अडकून बसतो. चहाला पाणी ठेवले की ते उकळेपर्यंत दहा वेळा पकड सोडून पुन्हा धरावी. रोज एवढे केले तरी हातांना सवय लागते.

पकड एकाच प्रकारची असते असेही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानचे पापवा सेवगोलम हे भारतीय वंशाचे कॅडी स्वतःच शिकले, आणि त्यांचा डावा हात खाली, उजवा वर असे. लोक हसत. त्याच पकडीवर त्यांनी 1959, 1960 आणि 1964 साली डच ओपन जिंकली. 1963 साली मायदेशात नाताळ ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदामुळे क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता आणि बक्षीस बाहेर पावसात उभे राहून घ्यावे लागले. तरी नवशिक्याने नेहमीचीच पकड धरावी. ती शिकवणारे सगळीकडे भेटतात.

पुढे उभे राहणे. पावले खांद्याइतकी रुंद, गुडघे किंचित सैल, आणि वाक कमरेतून. पाठीला कुबड नको. मग क्लब बाजूला ठेवून हात छातीवर घडी घालायचे आणि नुसते वळायचे. पाठ लक्ष्याकडे जाईपर्यंत खांदे उजवीकडे वळतात, कंबर त्याच्या निम्मीच वळते. परत येताना सुरुवात कंबरेने करायची. शेवटी सगळा भार डाव्या पायावर, छाती लक्ष्यासमोर, उजवी टाच उचललेली. या अवस्थेत तीन सेकंद स्थिर उभे राहता आले तर वळणे बरोबर झाले. तोल गेला तर घाई झाली. चांगल्या खेळाडूंना क्लब मागे नेताना जेवढा वेळ लागतो, त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यात तो खाली चेंडूवर येतो. म्हणून मनात एक-दोन-तीन म्हणत वर न्यावा आणि चारला खाली.

अम्मींची काळजी रास्त आहे. खरा क्लब हॉलमध्ये पूर्ण फिरवायचाच नाही. सतरंजीवर सरावाला घट्ट गुंडाळलेले वर्तमानपत्र किंवा हातभर काठी पुरते. खरा क्लब गच्चीवर, आणि तोही आजूबाजूला लहान मूल नाही हे मागे वळून बघितल्यावरच. लोखंडी डोके वेगात लागले तर पंख्यावर निभावणार नाही.

घरात चेंडूने खेळायचे ते पटिंग. होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो, आपला पाण्याचा पेला त्याहून अरुंद. पेला आडवा ठेवून सात-आठ फुटांवरून दहापैकी सहा चेंडू आत गेले तर मैदानावरचा होल विहिरीएवढा वाटेल.

हात बसला की खारघरला सिडकोचे मैदान आहे, तिथे एकदा चौकशी करून यावे. मात्र या खेळात होलमागे पैसे लावायची पद्धत बरीच चालते, चहा-नाश्त्यापासून सुरू होते. दोघांनी पैसे टाकायचे आणि जिंकणाऱ्याने उचलायचे, हा जुगार आहे. पहिल्याच दिवशी हसत सांगून टाकावे की आपण शर्तीशिवाय खेळतो.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : बहीणही काठी मागते, द्यावी का? हजरत पैगंबर (स.) यांनी हजरत आयेशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत केली होती, पहिल्यांदा त्या जिंकल्या आणि पुढे एकदा पैगंबर (स.), ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. तेव्हा जरूर द्यावी. सात नंबरचा आयर्न तिला लांब पडत असेल तर दोन बोटे खाली धरायला सांगावे.