कच्चे मडके कोणते?

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे गोरोबाकाकांची समाधी आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी पारखण्याचे थापटणे प्रत्येकाच्या मस्तकावर मारून पाहिले आणि जे तेवढे रागावले त्या नामदेवांना कच्चे ठरविले, ही कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? सैनिकाच्या हातातील रायफलीला याहून निराळी कसोटी नाही. परंतु आमच्या सरकारी शस्त्रनिर्मात्यांना हे थापटणे रुचते, असे मागील इतिहासावरून म्हणवत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला आणि अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे त्या तयार होऊ लागल्या. ‘इन्सास’चे पर्व त्यामुळे मावळतीला लागले आहे. मावळत्यास दोष देणे सोपे असते, हे आम्ही जाणतो. तथापि या रायफलीचा आराखडा पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन आस्थापनेत तयार झाला आणि तिच्या मापाची काडतुसे भुसावळजवळच्या वरणगावला बनत आली. तिचा हिशेब मराठी वाचकांनी तरी परका मानू नये.

आराखडा मुळात वाईट होता काय? आमचे तसे मत नाही. कलाश्निकोव्हची कणखर यंत्रणा आणि बेल्जियन रायफलीचा वायुनियामक यांचा तो मेळ होता. मॅगझिन पारदर्शक प्लास्टिकचे केले, कारण किती गोळ्या उरल्या हे जवानास चटकन दिसावे. कल्पना नामी खरी! पण १९९९ साली कारगिलच्या थंडीत हीच मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. कोठे रायफल अडकली, कोठे तेल नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत उडाले. मॅगझिन हा रायफलीचा सर्वांत साधा भाग. तो तडकला की गोळी नळीपर्यंत पोचत नाही, आणि उरलेली सारी यंत्रविद्या जवानाच्या हातात काठीसारखी राहते.

पुढे सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. पण ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळातील पिली येथे माओवाद्यांच्या हल्ल्यात तेथील चाळीसहून अधिक सैनिक पडले आणि इन्सास ऐन वेळी बंद पडल्याचे नेपाळी सेनेने जाहीरपणे सांगितले, तेव्हा आमच्या बाजूने बोट दाखविले गेले ते हाताळणीकडे व देखभालीकडे. ते खरेही असेल. परंतु चिखलात, अंधारात, घाबरलेल्या हातांनी जी चालत नाही तिला रणांगणाची रायफल का म्हणावे?

अमेरिकेलाही हा धडा स्वस्तात मिळाला नाही. व्हिएतनाममध्ये तिची एम-१६ रायफल अडकू लागली, तेव्हा प्रथम जवानांच्या आळसाकडेच बोट दाखविले गेले. १९६७ साली प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने चौकशी केली. काडतुसातील दारू बदललेली, नळीच्या कोठीस क्रोमचा मुलामा नाही, सफाईची साधने अपुरी, असे निघाले. सेनाधिकाऱ्यांवर उघड ठपका आला, दोष दुरुस्त झाले आणि तीच रायफल पुढे कित्येक दशके टिकली.

आपल्याकडील अडचण घराच्या रचनेतच आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. पण त्यांचे मालक संरक्षण उत्पादन खाते आणि मालाची पारख करणारे गुणवत्ता आश्वासन महासंचालनालय हेही त्याच खात्याचे. गोरोबाही स्वतः कुंभारच होते, असे कोणी म्हणेल. परंतु त्यांनी घरी आलेल्या पाहुण्यांचीही भीड धरली नाही!

जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्याच आस्थापनेने ‘उग्रम’ ही नवी रायफल पुढे आणली व ती शंभर दिवसांच्या आत सिद्ध केल्याचे सांगितले. या वेगाचे आम्हांस कौतुक आहे. मात्र ‘उग्रम’ असो वा कोरव्याची एके-२०३, सियाचीनच्या हिमात आणि जैसलमेरच्या धुळीत दर हजार गोळ्यांमागे ती किती वेळा अडकली, हा आकडा पायदळाच्या पलटणींनी स्वतः मोजावा, त्यावरून नापास करण्याचा अधिकार त्यांनाच असावा आणि तो आकडा संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे दरवर्षी यावा, अशी आमची मागणी आहे.